देवमाशाची झाडलोट

सोमवारी म्युझियम बंद.
सोमवारीच मी शिडी लावायचो
आणि शेपटीकडून सुरुवात करायचो,
कारण डोक्यापाशी पोचेपर्यंत हात दमतात
आणि दमलेला हात जपून चालतो.
हे भीखाभाईंनी शिकवलं.
त्यांना कोणी शिकवलं, ठाऊक नाही.

सत्तावीस वर्षं.
मणक्यामागून मणका, आधी फडक्यानं, मग कुंचल्यानं.
बरगड्यांच्या आत बसून डबा खाल्लाय मी,
थालीपीठ आणि छुंदा.
कमाटी बागेतली पोरं विचारायची,
काका, ह्याचं हृदय केवढं?
बुलेटएवढं, मी सांगायचो, टाकी भरलेल्या.
दाखवा ना.
अरे, जिभेसारखंच असतं ते,
त्याला कुठलं हाड?

हाताला मात्र आहे.
पर म्हणतात ना, त्याच्या आत बोटं असतात.
चार.
भीखाभाईंचीही चारच, पाचवं छापखान्यात गेलं.
दर पाडव्याला ते त्याच्याशी हात मिळवायचे,
"साल मुबारक, भाई,"
आणि मग आम्हा बाकीच्यांशी.

समुद्र मी पाहिला नव्हता, खोटं कशाला बोलू.
बरण्यांतला तेवढा पाहिला:
फॉर्मलिनमध्ये पिवळा पडलेला अष्टपाद,
जिवंतपणी तीन हृदयं, निळं रक्त,
आता लेबलावर नुसता आकडा.
समुद्रघोडा, ज्यांच्यात बाप गरोदर राहतो.
त्या बरणीपाशी बायका हमखास थांबायच्या
आणि नवऱ्याला कोपर मारायच्या.

विश्वामित्रीला पूर आला त्या रात्री ड्युटी माझी.
वीज गेलेली. मगरी बागेत शिरल्याची बोलवा.
पाणी एकेक पायरी मोजत वर येत होतं.
टॉर्च मारला,
तर बरगड्यांच्या सावल्या भिंतीवर पोहत होत्या.
देवाशपथ सांगतो, मनात आलं,
अजून दोन हात चढू दे.
मग पोत्यांत वाळू भरायला लागलो.
नोकरी होती.

कालिंदी, माझी धाकटी, कारवारला हेच शिकते.
एकदा फोनवर म्हणाली, बाबा,
देवमासा मेला की तळाला जातो
आणि तिथल्या काळोखात
वर्षानुवर्षं पंगत उठत नाही.
त्यातच येतो एक किडा.
त्याला तोंड नाही. पोट नाही.
हाडात मुळं रोवतो, आणि त्यावर जगतो.

मी म्हटलं, बरं.
जेवलीस का, म्हटलं.
फोन ठेवला आणि हिशेब करत बसलो:
तिची फी,
हिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन,
वाडीतल्या दोन खोल्या,
गॅसची शेगडी, आईचं दिवसपाणी,
कुठल्या मणक्यातून काय निघालं.
सत्तावीस वर्षांत
साहेबांपुढे तोंड म्हणून उघडलं नव्हतं.

रिटायर झाल्यावर एस.टी.नं कंबोईला गेलो.
तिथे महादेवाचं देऊळ आहे,
भरतीला बुडतं, ओहोटीला परत वर येतं.
पोचलो तर समुद्र नव्हताच.
चिखल, नजर जाईल तिथवर चिखल,
त्यात टुणटुण उडणारे निवटे, डोळे पार डोक्यावर,
आणि कुणाची तरी रबरी चप्पल, डावी.
चहावाल्याला विचारलं.
"गयो छे," तो म्हणाला. "आवशे."
अगदी आम्ही साहेबांबद्दल सांगायचो तसं.

बाकड्यावर बसलो.
खिशात हात घातला तर फडकं.
म्हणजे आज सोमवार.
आत्ता तिकडे कोणी नवा पोरगा शिडी लावत असेल.
डोक्याकडून.
नक्की डोक्याकडून सुरुवात करत असेल, बघा.