मानस

रात्री अडीचला बोलावणं आलं. लिफ्ट बंद,
यंत्र रॅम्पवरून ढकलत नेलं, बांबोळीच्या तिसऱ्या मजल्यावर.
खाट सात. मिनीन बारेटो, वय एकावन्न, जुवें गावचा.
कागदावर धंदा : शेती.
दारातच आपोलीन, त्याची बायको, म्हणाली,
शेतकार न्हय गो, मानशेकार.
खाजनात खारं पाणी किती येऊ द्यायचं, हे ठरवणारा.
ताप त्याच पाण्यातून आला होता, उंदरांचा.

जेल लावताना सवयीनं म्हटलं, थंड लागेल हं.
त्याला काय कळणार.
फिल्मवर दोन्ही फुफ्फुसं पांढरी, मार्चमधल्या मिठागरासारखी.
बरगड्यांमधून वाट काढत गेले
तेव्हा सापडला उजवा कप्पा,
फुगलेला, मधली भिंत डावीकडे रेटत.
डावा गोल असायला हवा.
तो चेपला होता, पोदेराच्या टोपलीत
तळाशी राहिलेल्या पावासारखा.
झडपेचं कडं अकरा मिलिमीटर हलत होतं.
सतरा तरी हवेत.

उजव्याची भिंत मुळात पातळ.
सगळी कौतुकं डाव्याची, याला कोण विचारतं.
शेजारच्या घरी वाटी पोचवावी
एवढंच याचं काम, जन्मभर.
आज शेजाऱ्यानं आतून कडी घातली आहे
आणि हा दार ढकलतोय, मिनिटाला एकशे चोवीस वेळा.

डॉक्टर नोरोन्यांनी सिलिंडर आणवला.
नायट्रिक ऑक्साइड, दहा लाखांत वीस भाग.
फेरीबोटीच्या धुरातही थोडा असतो हा.
नवी नर्स म्हणाली, धूर पाजताय त्याला?
कोणी हसलं नाही.

हवा जिथं अजून पोचते
तिथंच जातो हा वायू.
बुजलेल्या कोपऱ्यांशी त्याला कर्तव्य नाही.
उघड्या जागेतल्या शिरा सैल करतो
आणि रक्ताला लागताच संपतो,
पुढं देहात त्याचं नावही नाही.

मी डिचोलीची, खाणीच्या लाल धुळीतली.
मानस मला बाकावर आपोलीननं समजावली,
दोन तळहात जोडून, उघडून :
भरती आली की लाकडी दारं आपसूक मिटतात,
ओहोटीला आतलं पाणीच त्यांना ढकलून उघडतं.
पण शेवाळ अडकतं. कुर्ल्या बांध पोखरतात.
माणूस लागतोच.

वीस मिनिटांनी पुन्हा पाहिलं. तीच जागा, तोच कोन.
चौदा.
तीनदा मोजलं. हात हलला असेल माझा.
चौदा.
भिंत जराशी परतली होती,
पाव काही पुरता फुगला नव्हता.
ऑक्सिजन एक्याऐंशीवरून अठ्ठ्याऐंशी.

यानं फुफ्फुस बरं होत नाही, डॉक्टर म्हणाले,
वाचतातच असंही नाही.
उजव्याला टेकायला स्टूल मिळालं, एवढंच समज.
आणि काढायचा तोही हळूहळू.
एकदम काढला तर सगळं पुन्हा आवळतं,
आधीपेक्षा घट्ट.

अहवालात 'सुधारणा' लिहिलं, खोडलं.
लिहिलं : चौदा. तीन वाजून दहा.

बाहेर आपोलीननं हृदयाचं विचारलंच नाही.
आज पुनव, म्हणाली, मोठं पाणी.
आता ओहोटी लागली असेल,
पोरानं दारांचं शेवाळ काढलंय की नाही कोण जाणे.
फोन लावला तिनं. स्पीकरवर.
जुव्याला तो वाजत राहिला,
वाजत राहिला, मग बंद पडला.
घरात नाही म्हणजे, ती म्हणाली,
बांधावर असेल.