दुरुस्तीला आलेला टीव्ही

जिंतूरच्या स्टँडमागं खाजाभाईच्या दुकानात
दर गुरुवारी रात्री आठला
पोट उघडे पडलेले रेडिओ बाजूला सारून
आम्ही बसायचो. पोत्यावर, स्टुलावर, कूलरच्या खोक्यावर.
शेषेराव शिंपी, पंक्चरवाला रझाक,
आणि मी, सुटे पैसे परत न देणारा म्हणून
अख्ख्या डेपोत बदनाम कंडक्टर.

मालिकेत दोघं होते, झुंबर आणि वकील.
वकिलानं परीक्षा कधी दिलीच नव्हती,
काळा कोट तेवढा कुणाच्या तरी लग्नातून ढापलेला.
झुंबर एकच शेळी तिघांना विकायचा
आणि चौथ्याला बाजूला घेऊन सांगायचा,
"नको घेऊ बाबा, हिच्यावर लई केसेस आहेत."

एकदा त्यानं वकिलाची सायकल गहाण टाकली
आणि त्याच पैशांत वकिलाला भजी खाऊ घातली.
वकील चावता चावता थांबला.
"चांगलीत," म्हणाला, "पण घंटीची चव लागायली."
रझाक पोत्यावरून खाली.
शेषेराव डोळे पुसत म्हणाला, "दोस्त असावा तर असा."
एका शिलाई मशीनवरून सख्ख्या भावाशी
नऊ वर्षं न बोललेला शेषेराव.

मी काही बोललो नाही.
माझ्याकडं मुंजाजी होता.

म्हणजे, होता.
बारा वर्षं जिंतूर–पाथरी मुक्कामी गाडी,
घंटी माझी, ब्रेक त्याचा.
चारठाण्याच्या फाट्यावर गाडी उभी करायचा,
"इंजन तापलं" म्हणून उतरायचा
आणि हॉटेलातून ओरडायचा,
"दोन वड्यांत थंड होतंय, बसा निवांत."

मायच्या डोळ्याच्या ऑपरेशनला म्हणून
माझे चार हजार घेतले त्यानं.
महिन्यानं माय पाथरीच्या बाजारात दिसली.
म्हणजे तिलाच मी दिसलो, तीन दुकानं लांबून.
"वाळलास रे," म्हणाली.
"ऑपरेशन?" म्हटलं. "कुणाचं?" म्हणाली.
त्या दिवसापासून मी ड्युटी बदलून घेतली.

आणि इकडं झुंबरला
दर आठवड्याला माफ करायलो होतो,
जाहिराती धरून अर्ध्या तासात.
शेळी माझी नव्हती, हे झालंच.
पण झुंबर खोटं बोलायच्या आधी
एकदा आपल्याकडं बघायचा, भुवई उचलून,
जसं काही आपणही त्यात आहोत.
मुंजाजीनंही बघितलं असेल तसं.
मी तेव्हा नोटा मोजत होतो.

मग काय झालं कुणास ठाऊक, झुंबर सुधारला.
शेळीचे पैसे तिघांना परत,
कोट इस्त्री करून ज्याचा त्याला,
वकील कंदिलाखाली अभ्यासाला बसलेला.
दोन गुरुवार आम्ही जांभया देत काढले.
तिसऱ्या गुरुवारी शेषेराव आलाच नाही.
रझाक म्हणाला,
"क्या बा, मय्यत में बैठे सरीका लगरा."

खाजाभाईनं बटण बंद केलं.
"घेऊन जा हा डबा," मला म्हणाला.
"मी? हा कुणाचा?"
"मुंजाजी ड्रायव्हरचा. दोन वर्षं झाली टाकून.
दुरुस्तीचे तीनशे मागितले तर म्हणतो,
कंडक्टर देईल, त्याचाच आहे."

मागच्या जाळीवर परभणीच्या दुकानाचा शिक्का,
खाली तारीख.
माझ्या चार हजारांनंतर तिसरा दिवस.
दोन वर्षं मी माझ्याच पैशांनी हसत होतो
आणि मला वाटायचं, फुकट.

तीनशे दिले. शनिवारी तो टीव्ही
पाथरीच्या गाडीत मांडीवर घेतला,
सामानाचं तिकीट काढलं, नियम म्हणजे नियम.
मुंजाजीनं दार उघडलं. पोट सुटलेलं, मिशी पांढरी.
आधी टीव्हीकडं बघितलं, मग माझ्याकडं.
भुवई वर गेली.
"झुंबर काय म्हणतो?"
"सुधारला."
"अरारा," म्हणाला, कुणी गेल्यासारखं.
मग आत तोंड करून, "माये, च्या टाक!
ऑपरेशनवाला आलाय."

चार हजार अजून यायचेत.
मागत नाही.
दिलेच त्यानं, तर गुरुवारी काय करायचं?