दोनपैकी दीड

प्रश्न चौथा, उपप्रश्न ब, गुण दोन:
'कार्यक्षमता म्हणजे काय ते उदाहरण देऊन लिहा.'
बेचाळीस पेपरांत एकच उत्तर, पुस्तकातलं:
बल्ब, पंखा, उपयुक्त ऊर्जा भागिले दिलेली ऊर्जा,
गुणिले शंभर.
त्रेचाळिसावा पेपर सानिका खोतचा.
अक्षर तिरकं. समासात एक चिकट डाग.

ती लिहिते:
'आमचे पप्पा वडणग्यात गुऱ्हाळावर जळव्या आहेत.
चिपाडात ऊन साठलेले असते, ते पप्पा चुलवाणात सारतात.
त्यातले थोडे काहिलीला लागते, रस आटतो.
थोडे धुराड्यातून जोतिबाच्या डोंगराकडे जाते.
थोडे पप्पांच्या अंगात जाते.
ते घरी आल्यावर पाठीला हात लावला तर
पाठ गरम लागते.
ही वाया गेलेली ऊर्जा आहे.
पण डिसेंबरात माझा लहान भाऊ
त्या पाठीला चिकटूनच झोपतो.
म्हणून ती वाया गेली का, हे मला सांगता येत नाही.'

सूत्र नाही.
टक्केवारी नाही.
लाल पेन बराच वेळ हवेत राहिलं,
त्याच्यातही काही स्थितिज ऊर्जा असणार,
असं मनात आलं आणि स्वतःचाच राग आला.
मी दीड दिला. अर्धा सूत्रासाठी कापला.
नियम म्हणजे नियम.

रविवारी स्कूटर काढली, शिवाजी पूल ओलांडला.
पेट्रोलचा चौथा हिस्सा मला नेत होता,
उरलेला सायलेन्सर तापवत होता;
मागच्या उन्हाळ्यात त्यानंच पोटरीवर सही केलीय.
वर्गात चाळीस मिनिटं बोलते मी.
त्यातलं किती पोचतं, याचा हिशोब
कुठल्याच तपासणीत कुणी मागितला नाही.

गुऱ्हाळावर गुळव्याभोवती माणसं.
तो चाटू उचलतो, धार बघतो, सगळे गप्प होतात.
जळव्या मात्र खाली, खड्ड्यात,
वरून दिसतो तो फक्त टॉवेल बांधलेला माथा.
थर्मामीटर नाही. वर रसाचा आवाज बदलला
की त्याचा हात थांबतो,
आवाज पडला की पुन्हा एक कवळ आत.

"पोरगी बरी हाय न्हवं अभ्यासात?"
"बरी आहे."
मग काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं,
जाळ कधी कमी पडतो.
"चिपाड वल्लं असलं की. वल्ल्याचा निम्मा जाळ
सोताला वाळवण्यातच जातोय, बाई.
मग काहिलीला काय देणार?"

सतरा वर्षं शिकवतेय मी.
हे वाक्य कुठल्याच धड्याखाली नव्हतं.
शेवटच्या बाकावर कोण ओलं येतं,
कोण घरचं पाणी भरून, कोण धुणं आटपून,
मी फक्त धूर बघत आले.

निघताना त्यानं काकवीची बाटली दिली.
हातात धरवेना इतकी गरम.
ओढणीत गुंडाळून डिकीत ठेवली.
पुलावर थांबून हात लावला तर कोमटच,
घरी पोचेपर्यंत पंचगंगेचा वारा
त्याचा वाटा घेऊन गेला होता.

सोमवारी पेपर वाटले.
सगळे आपापली बेरीज करत होते,
कुणाचा एक राहिला, कुणाचे दोन.
सानिका टेबलापाशी आली. भांडायला नाही.
"बाई, अर्धा कुठं गेला?"

ऊर्जा नष्ट होत नाही,
हे फळ्यावर मीच लिहिलं होतं,
खाली दोन रेघा मारून.

"सूत्रात," मी म्हटलं.
ती हसली नाही.
जागेवर गेली, आणि त्या डागाशेजारी
पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं.
ते मला दिसलं नाही.