पन्नास मीटर

रॅनफर्लीच्या दुकानात वॉटी मॅकाटीर
पाच डब्या काउंटरवर मांडतो, पत्ते लावल्यासारख्या.
"तुझी बंदूक काय खाते, मला काय ठाऊक?
घोड्यागत असतात त्या.
एकेक ने. तिलाच विचार."

बंदूक लॅखीकाकाची, बावीसची.
दस्त्यावर त्याच्या गालाने घासून गुळगुळीत झालेली जागा,
तिथे आता माझा गाल टेकतो,
पण नीट बसत नाही अजून.

कुंपणाच्या खांबाला पुठ्ठा ठोकला.
पन्नास मीटर. आधी पावलांनी, मग टेपने,
कारण पावलं माझ्याच बाजूने मोजतात.

लाल डबी: आवाजाच्या पुढे पळणारी.
तिच्या फटक्याने पलीकडच्या उतारावरच्या मेंढ्यांनी
माना वर केल्या, सगळ्या एकदम.
पाच भोकं पुठ्ठाभर, शाळा सुटल्यासारखी.

निळी डबी सगळ्यात महाग, स्पर्धेत वापरतात ती.
भोकं छान जवळजवळ पडली.
पण ही गोळी टोकाला भरीव. आरपार जाते.
सशाला कळतच नाही आपण मेलोय,
ते त्याला बिळात गेल्यावर कळतं.
डबी बाजूला ठेवली.

मग तांब्याची, बिनशिशाची.
खरं सांगते, हिला ती आवडावी असं मला फार वाटत होतं.
इथे भोवत्या फिरतो, पिवळ्या डोळ्यांचा,
पडलेला ससा मी उचलायच्या आत गाठतो
आणि आत जे काही राहिलं असेल तेही गिळतो.
तीन वेळा नळी पुसून पाहिलं.
पहिली गोळी डावीकडे, दुसरी खांबाला,
तिसरी कुठे गेली देव जाणे.
बंदुकीला भोवत्याशी काय देणंघेणं.

चौथी साधी, करड्या कागदाची, हळू चालणारी,
टोकाला पोकळ.
आवाज असा, की कुणी दुसऱ्या खोलीत पुस्तक मिटलं.
पाच भोकं. वर दहा सेंटचं नाणं ठेवलं,
झाकली गेली.

पाचवी उघडलीच नाही.

या हळू गोळीची खोड एकच, साठाच्या पुढे ती खचते,
चढावर दम लागल्यासारखी.
म्हणून कोठाराच्या दारावर खडूने लिहिलं: साठ.
खाली रेघ मारली, मग आणखी एक.

अकरा वर्षांची असताना मी नव्वदवर एक ससा मारला होता.
मारला नव्हता. तेच तर.
लॅखीकाका एक अक्षर बोलला नाही,
फक्त कंदील माझ्या हातात दिला.
शिस्टच्या खडकांतून, रानथाइमच्या झुडपांतून
दोघं शोधत राहिलो गवत पांढरं पडेपर्यंत.
सापडला तेव्हा मी दुसरीकडे पाहत होते.
त्याने मला पाहायला लावलं.

आता या उतारावर थाइमच तेवढी उरलीये,
तिला ससे तोंड लावत नाहीत.
बाकी सगळं खरवडलेलं. दहा ससे एका मेंढीचं गवत खातात,
असं इथे सगळेच म्हणतात, मोजलं कुणी ते माहीत नाही.
मी मेंढ्या मोजते. कमी भरतात.

काल संध्याकाळी दोन पडले, पंचेचाळीसवर.
तिसरा ऐंशीवर बसून कान धुवत होता.
कुत्रीने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे,
मग पुन्हा माझ्याकडे, जरा जास्तच वेळ.
वाट पाहिली. तो जवळ येईना.
बोटं बधिर झाली, दुर्बिणीच्या काचेवर वाफ धरली.
खटका सोडला, गोळी काढून खिशात टाकली.

मग खोरं घेऊन गेले.
गोळी शिशाची निवडली, तर खड्डाही माझाच.
जमीन वरून गोठलेली, पहिला घाव उसळून परत आला.
वर भोवत्या, एक घिरटी, दुसरी,
मी माती ओढेपर्यंत.
मग तो नदीकडे गेला, उपाशीच बहुतेक.