पण गरम आहे

यंदा दाराबाहेर तारा टांगला नाही.
चोवीस तारखेला साडेनवालाच दिवे घालवले,
कडी लावली.
शरणपुरातल्या सगळ्या खिडक्या लाल-हिरव्या लुकलुकत होत्या
आणि मधे आमची, पडलेल्या दातासारखी.

मार्चपासून, आई गेल्यापासून, मी प्रार्थना केलेली नाही.
देवाशी भांडण वगैरे नाही,
नुसतं बोलणं बंद.
शेजाऱ्याशी होतं तसं, नळाच्या पाण्यावरून,
मग कारण विसरून जातं
आणि अबोला तेवढा राहतो.

निफाडकडून वारा येत होता.
तिकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या असतील,
मणी तडकू नयेत म्हणून
कोणीतरी रात्रभर वेलींना ऊब देत बसलं असेल.
मी दोन गोधड्यांत. पाय थंडच.

दीड वाजता ढोलकी आली.
आधी ढोलकी, मग पेटी, मग आसाफमामांचा खर्ज,
जो गेली तीस वर्षं अर्धी मात्रा मागे असतो.
वाटलं, अंधार बघून पुढे जातील.
नाही गेले.
तिन्ही कडवी म्हटली, बंद दाराला.
मग थांबले. खोकले.
थांबूनच राहिले.

फेरी दरवर्षी आमच्याकडेच संपायची.
वीस घरचा केक, वीस घरच्या करंज्या
आणि शेवटी आईचं पातेलं.

कडी काढली. म्हटलं, "माफ करा, काही केलं नाहीये."
"काढा?" आसाफमामांनी विचारलं. "मार्थाबाईंचा?"
"मला येत नाही. तिनं कुठं लिहून ठेवला नाही."

चपला काढून अकरा जण स्वयंपाकघरात शिरले.

शांतवननं माळ्यावरून पातेलं उतरवलं,
भांडी बाजारातलं, पितळी, कल्हई अजून शाबूत,
काठावर ठिपक्याठिपक्यांनी
सौ. मार्था योना साळवे, २५-१२-७४.
फ्रिजात काळ्या द्राक्षांचा रस होता, दोन बाटल्या,
कुणी दिलेल्या, न उघडलेल्या.
सुंठ घाल, केझिया म्हणाली.
सुंठ नव्हे, ओलं आलं, ठेचून.
लवंगा तीन. तीन कसल्या, मूठभर, जीभ बधिर व्हायची माझी.
बडीशेप होती. नव्हती.
होती, दातांत अडकायची, पुढच्या घरापर्यंत मी...
पुढचं घर नसायचं रे, हे शेवटचं.

ज्याच्या ज्याच्या घशाखाली उतरला होता
त्याच्या त्याच्या जिभेवर आई थोडी थोडी उरली होती.
कुणाजवळ दालचिनी, कुणाजवळ गूळ,
कुणाजवळ नुसतं, "गाळायची नाही, निथळून ओतायची."
माझ्याजवळ काय होतं?
कप. मी लहानपणापासून कपच धुतले.

उकळी आली. घरभर वास सुटला,
आईचा नाही, पण आईच्या गल्लीतला.

आसाफमामांनी पहिला घोट घेतला.
सगळे त्यांच्या तोंडाकडे, निकाल लागावा तसे.
"नाही," ते म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं, "पण गरम आहे."

कान तुटलेला कप माझ्या वाट्याला आला.
त्याला धरायला दोन्ही हात लागतात.
तेव्हा हात जुळले ते भक्तीनं नव्हे, आधीच सांगते,
चटका वाटून घ्यावा म्हणून.
वाफ चष्म्यावर बसली, डोळे मिटले
आणि मिटल्या डोळ्यांना जुन्या सवयीनं
कुणाला तरी काही सांगायचं आठवलं.
फार नाही. एवढंच, की
यात काहीतरी राहिलंय.
तिला विचारून सांग.

पहाटे चारला टिटसचा फोन.
"झोपली होतीस? आईला उठवून विचारलं.
जायफळ. चिमूटभर. गॅस बंद केल्यावर."

जायफळ घरात नाही.
भद्रकालीतली दुकानं दहाला उघडतील.
पातेल्यात कपभर उरलाय, झाकून ठेवलाय.