कोरा खिळा

"काँग्रेस असा कोणताही कायदा करणार नाही..."
तेजलने वाचलं आणि मला हसू फुटलं.
आमच्या इंदुरात एवढंच ऐकलं
तर समोरचा विचारेल, कोणत्या वॉर्डात?
"काका, काँग्रेस म्हणजे तिकडची संसद."
बरं बाई. पुढे वाच.

मराठी समाजाची निबंध स्पर्धा,
विषय हिनेच निवडलेला:
अमेरिकेतलं छपाईचं स्वातंत्र्य आणि त्याची कुंपणं.
मुलगी बऱ्हाणपूरची, लॉ कॉलेजात,
आमच्या वरच्या खोलीत भाड्याने.
ऱ्हस्व-दीर्घ तपासायला आली माझ्याकडे,
रामबागेत अजून कुणाच्या तरी लक्षात आहे
की मी तेवीस वर्षं खिळे जुळवले, प्रुफं वाचली.

एका शब्दावर गाडी अडली.
तिने लिहिलं होतं, "संकोच करणारा कायदा".
मी म्हटलं, संकोच पाहुणे करतात
दुसरी जिलबी घेताना.
कायदा कातरतो.
तिने खोडलं, लिहिलं: कातरणारा.

मग ती सांगत गेली, पोहे गार होत गेले.
छापण्याआधी तिथे सहसा हात धरता येत नाही,
सरकारचासुद्धा नाही,
अगदी सैन्याचं जहाज कुठल्या तारखेला निघणार
असलं काही असेल तरच.
बड्या माणसाला अब्रूचा दावा लावायचा
तर नुसतं "खोटं आहे" म्हणून भागत नाही,
खोटं आहे हे ठाऊक असून छापलं,
किंवा खरं-खोटं बघायची पर्वाच केली नाही,
हे त्याने दाखवायचं.
मी ऐकत होतो, आणि मला दिसत होते
आमचे संपादक खांबेटे,
नोटिशीचा कागद उलटा धरून त्यावर हिशेब करणारे.

"पण," तेजल म्हणाली.
कुंपण नेहमी "पण"पाशी सुरू होतं.
"बातमी कुणी दिली हे तिथेही
ज्यूरीपुढे विचारलं तर सांगावं लागतं, काका.
काही राज्यांनी ढाल दिलीय, राज्यघटनेने नाही.
नाव न सांगता तुरुंगात गेलेत लोक."

म्हणजे बोलायची मोकळीक.
गप्प बसायची नाही.

त्र्याऐंशी साली पाण्याच्या टाकीची बातमी
मीच जुळवली होती, सिमेंट कमी, वाळू फार.
मजकूर आला तो हिरव्या शाईत,
कार्यालयातल्या वहीचं पान फाडून,
आणि ते वळणदार "ळ" मी ओळखलं.
कोर्टात खांबेटे गप्प राहिले,
मग मला उभं केलं.
हस्ताक्षर कुणाचं?
मी म्हटलं, साहेब, मी अक्षरं वाचतो,
हस्ताक्षरं नाही.
लोक हसले. साहेब हसले नाहीत.
संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं,
पुढल्या वर्षी साप्ताहिक बंद पडलं,
टाकी मात्र पाडून नव्याने बांधली.

"कोण होता तो?" तेजलने विचारलं.
आता काय बिघडतंय, असं तिच्या डोळ्यांत.

मी कपाटातून डबी काढली,
प्रेस विकताना ठेवून घेतलेली.
त्यातला एक खिळा तिच्या तळहातावर ठेवला.
तिने उलटापालटा केला.
"यावर काहीच नाहीये."
नसतंच. हा क्वाड.
इतर खिळ्यांहून उंचीला थोडा कमी,
म्हणून शाई याला शिवत नाही,
कागद याला ओळखत नाही.
पण हा काढून घे,
अख्खी ओळ सैल होते,
फर्मा उचलताना अक्षरं पायाशी सांडतात.

ती बराच वेळ बोलली नाही.
कुठला कायदा याला काय म्हणेल,
तिकडचा किंवा इकडचा,
ते तिने निबंधात लिहावं, मला कळत नाही.
मी लाल पेन उघडलं.
तिच्या शेवटच्या ओळीत
दोन शब्द एकमेकांना चिकटले होते.
त्यांच्यामध्ये उभी रेघ मारली
आणि समासात लिहिलं:
जागा सोडा.