फर्मा नंबर तीन

नारायण पेठेत, तळघरातल्या बाइंडिंगखान्यात
अकरा वर्षं मी बीजगणिताच्या घड्या घातल्या.
एक आडवी, एक उभी, परत आडवी,
हाडाच्या पट्टीने दाबली की सोळा पानांचा फर्मा.
आतलं कळायचं नाही.
ताव उलटा लागलाय एवढं मात्र लगेच कळायचं.
एक्स उलटा झाला तरी एक्सच,
म्हणून मी वाय शोधायचे.
वायचं शेपूट वर दिसलं की ताव बाजूला.

आता साडेसहाला हात धुते
(खळ नखांत राहतेच)
आणि लक्ष्मी रस्ता ओलांडून रात्रशाळेत.
बाक मुलांच्या मापाचे. गुडघे कुठं ठेवायचे
हे पहिलं गणित.
शेजारी एटीएमचा वॉचमन, डबा उघडा ठेवूनच बसतो.
उकिडवे सर फळ्यावर दोन समीकरणं लिहितात,
एकाखाली एक, महिरपी कंसात,
आणि म्हणतात, एकट्याला विचारलं तर
हा काहीही सांगेल. दोघांना समोरासमोर बसवा.

मी बसवलं.
पगाराच्या दोन चिठ्ठ्या पर्समध्ये होत्या.
आमच्याकडे भाव सांगत नाहीत, फक्त बेरीज देतात.
सहा हजार घड्या, दोनशे शिलाया, नऊशे वीस.
चार हजार घड्या, पाचशे शिलाया, नऊशे ऐंशी.
पहिल्याला पाचाने गुणलं, दुसऱ्याला दोनाने,
शिलाई शिलाईशी कटली,
उरलं बावीस एक्स बरोबर दोन हजार सहाशे चाळीस.
हजार घडीला एकशे वीस.
मनपाच्या थांब्यावर, येरवड्याची बस येईपर्यंत
मी तीनदा ताळा केला.

दुसऱ्या दिवशी काशिनाथच्या चिठ्ठ्या मागितल्या.
तो माझ्याच टेबलावर बसतो, माझीच पट्टी वापरतो.
त्याचा एक्स एकशे पस्तीस निघाला.

शेठ कागद बघत राहिले.
हे कुठं शिकलीस?
म्हटलं, तुमच्याच गोडाऊनमध्ये आहे, फर्मा नंबर दोन.
ते म्हणाले, दिवाळीनंतर बघू.
असमानतेच्या चिन्हाखाली कधीकधी
एक बारीक आडवी रेघ असते,
तिचा अर्थ सरांनी सांगितलाय: समान असलं तरी चालेल.
शेठ, जास्त नकोच मला.
ती रेघ तेवढी ओढा.

बहुपदी आली त्या दिवशी पाच जणच होतो.
सर म्हणाले, सजातीय पदांची बेरीज होते,
विजातीय पदांची होत नाही.
सरांना काही म्हणायचं नव्हतं, पुस्तकातलंच वाक्य.
पण माझा खडू हातात तसाच राहिला.
हेच आबा म्हणाले होते, इंदापूरला, ओसरीवर,
सुगतचं आडनाव ऐकल्यावर.
चौदा वर्षं झाली. फोनसुद्धा नाही.

सर, मग ती पदं जातात कुठं?
कुठं जात नाहीत, ते म्हणाले,
मधे अधिक घालायचं आणि शेजारी शेजारी ठेवायची.
त्यालाच बहुपदी म्हणतात.
मग चष्मा पुसत, सहज, जाता जाता:
आणि गुणाकार होतो की. गुणाकाराला कुणाची ना नाही.

घरी आले तेव्हा सम्यका झोपली होती,
एक पाय बापाच्या अंगावर.
वही उशाशी ठेवून मी कितीतरी वेळ तो गुणाकार बघत बसले.

शेठनी अजून रेघ ओढली नाही.
हंगाम सुरू झालाय, टेबलावर पुन्हा तेच पुस्तक.
आता घडी घालता घालता एखादं उदाहरण सुटतं,
आणि माझी मोजणी चुकते,
काशिनाथ हसतो.
शेवटचा फर्मा उत्तरांचा असतो.
तो आला की मी मान वर करते,
छताच्या पंख्याकडे बघते
आणि नुसत्या बोटांनी घडी घालते.